कवींनी पाहिलेले मूल

दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांकडून एक निबंध लिहून घ्यायचा, ही माझी वर्षानुवर्षांची सवय. विषयही ठरलेला: ‘रम्य बालपण’. फळ्यावर ही दोन अक्षरे उमटली की चाळीस माना खाली जातात आणि अर्ध्या तासात चाळीस वह्यांतून एकच बालपण वाहू लागते. आजीच्या गोष्टी, चिंचेचे झाड, ओढ्याचे पाणी, ना चिंता ना काळजी, आणि शेवटी ‘ते दिवस पुन्हा येणार नाहीत’ असा एक दीर्घ सुस्कारा. मी लाल शाईने ऱ्हस्वदीर्घ सुधारतो, खाली ‘छान’ असा शेरा मारतो आणि फराळाच्या वाटेला लागतो.

गेल्या दिवाळीआधी मात्र एका वहीने घोटाळा केला. सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा आहे. त्याचे नाव इथे सांगत नाही. पहाटे उठून आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर हा पोरगा मामाच्या चहाच्या गाडीवर कपबशा विसळतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्याने वहीत विषय लिहिला, खाली पट्टीने रेघ मारली आणि हात वर केला.

“गुरुजी, हा निबंध बालपण संपल्यावर लिहायचा असतो ना? आमचे तर अजून चालू आहे.”

वर्ग हसला. मला वाटले, पोराने माझी टर उडवली. तासभर त्याला भिंतीशी उभे केले. वही कोरी राहिली आणि कोऱ्या वहीला जे मिळते ते, म्हणजे शून्य, मी तिला दिले.

रात्री कंदिलाचे कागद चिकटवत बसलो असताना ते वाक्य पुन्हा कानाशी आले. मग उरलेल्या एकोणचाळीस वह्या काढून वाचल्या. पाहतो तो काय, बारा वर्षांची एकोणचाळीस मुले साठीच्या म्हाताऱ्यासारखी लिहीत होती! ‘ते दिवस गेले’, ‘ते सुख हरपले’. अरे, कुठे गेले? तुमचे दिवस तर या क्षणी बाहेर अंगणात मातीचा किल्ला रचताहेत! या मुलांना हा सुस्कारा शिकवला कोणी? मी शिकवला. मला पाठ्यपुस्तकांनी शिकवला. आणि त्या पुस्तकांना? मी थोड्याफार कादंबऱ्याही लिहिल्या आहेत. त्यांतली मुलेही अशीच, साखरेच्या पाकात घोळलेली. म्हणून हा माझ्याही घरचा प्रश्न होता. मी पंडित नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकच्या उंबरठ्यावर थांबले. पण शब्दकोश मांडीवर घेऊन हळूहळू वाचायला काही पदवी लागत नाही. तसा मागे मागे जात मी दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात, तिथल्या रोमँटिक कवींच्या अंगणात जाऊन पोहोचलो. त्या प्रवासाची ही हकीकत.

त्या कवींच्या आधी मूल कुणाला दिसतच नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आईला ते सर्वकाळी दिसते. पण लिहिणाऱ्यांना ते दिसे ते बहुधा अपुरा माणूस म्हणून. सतराव्या शतकातल्या प्युरिटन पंथीयांच्या लेखी मूल जन्मतःच पापाचा वारसा घेऊन येई. जेम्स जेनवे नावाच्या एका धर्मोपदेशकाने 1671 च्या सुमारास मुलांसाठी एक पुस्तक लिहिले. त्यात गोष्टी कसल्या, तर लहान वयात पुण्यशील मरण पावलेल्या मुलांच्या. पुढे अठराव्या शतकातही जॉन वेस्लीसारखा मोठा धर्मसुधारक आईबापांना सांगत होता की मुलाचा हट्ट लहानपणीच मोडून काढा. जॉन लॉक या तत्त्वज्ञाने 1693 साली मुलांच्या शिक्षणावर ग्रंथ लिहिला. त्याने छडीपेक्षा समजुतीवर भर दिला, खेळातून शिकवा म्हणाला. हे त्याचे उपकारच. परंतु त्याच्याही दृष्टीने मूल म्हणजे कोरा कागद किंवा मऊ मेण. लिहिणारा हात आणि ठसा उमटवणारे बोट मोठ्यांचेच.

हा विचार उलटा केला तो रूसोने. 1762 साली त्याचे ‘एमिल’ बाहेर आले. मूल मुळात चांगले असते, बिघडवतो तो समाज. आणि मुलाची बघण्याची, विचार करण्याची स्वतःची अशी रीत असते, ती मोठ्यांनी आधी समजून घ्यावी, असे त्याने ठासून सांगितले. त्यातल्या धर्मविषयक मतांमुळे पॅरिसात आणि जिनिव्हात त्या पुस्तकाची होळी झाली. पण विचार जळत नाहीत. तो विचार समुद्र ओलांडून इंग्लंडात गेला. आता यातली गंमत म्हणा की करुण कहाणी म्हणा, मुलांविषयी सगळ्या युरोपला शहाणे करणाऱ्या या गृहस्थाने स्वतःची पाचही मुले जन्मताच अनाथालयात धाडली होती. हे त्यानेच आपल्या आत्मचरित्रात कबूल केले आहे. मुलांवर सुंदर लिहिणे आणि मुलाचा हात धरणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हा धडा मला पहिल्याच मुक्कामावर मिळाला. पुढे तो पुन्हा मिळणार होता.

लंडनच्या सोहो भागात मोजे विकणाऱ्या एका दुकानदाराच्या घरी 1757 साली विल्यम ब्लेक जन्मला. आठ-दहा वर्षांचा असताना हा मुलगा पेकहॅम राय येथे फिरून आला आणि घरी सांगू लागला, की झाडाच्या फांद्यांवर मी देवदूत पाहिले. खोटे बोलतो म्हणून बाप मारायला उठला. आई मध्ये पडली म्हणून पाठ वाचली. मला वाटते, त्या संध्याकाळी इंग्रजी कवितेचे नशीब त्या माउलीच्या हातात होते. ब्लेकला नेहमीच्या शाळेत घातलेच नाही. दहाव्या वर्षी चित्रकलेच्या शाळेत आणि चौदाव्या वर्षी एका ताम्रपट कोरणाऱ्याकडे उमेदवार. त्याने लग्न केले त्या कॅथरीनला लग्नाच्या नोंदवहीत सहीही करता आली नाही. तिने फुली मारली. पुढे नवऱ्याने तिला लिहावाचायला शिकवले, आणि दोघांनी मिळून घरच्या घरी पुस्तके केली. तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे आणि चित्रे एकत्र कोरायची, छापायची, आणि मग एकेक पान हाताने रंगवायचे. अशा रीतीने 1789 साली ‘सॉंग्ज ऑफ इनोसन्स’ म्हणजे निरागसतेची गाणी बाहेर आली. 1794 साली त्याने अनुभवाची गाणी तीत मिळवली. त्या दांपत्याला स्वतःचे मूल नव्हते.

या पुस्तकात कोकरे आहेत, पाळणे आहेत, हिरवळीवर खेळणारी मुले आहेत. पण माझे मन खिळून राहिले ते काजळीने माखलेल्या एका पोरापाशी. त्या काळच्या लंडनमध्ये घराघरांत दगडी कोळसा जळे. धुराडी अरुंद आणि वाकडीतिकडी. ती आतून खरवडायला लहान अंगाचीच पोरे लागत. म्हणून चार-पाच वर्षांची गरिबांची मुले त्या धंद्यातल्या उस्तादांना अक्षरशः विकली जात. कोपरे-गुडघे सोलवटून निघत. काही आत अडकून गुदमरत. पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने 1775 साली दाखवून दिले, की काजळीमुळे या धंद्यातल्या लोकांना पुढे कर्करोग होतो. 1788 साली पार्लमेंटने कायदा केला, की आठ वर्षांखालचे मूल या कामाला घेऊ नये. कायदा कागदावर राहिला.

आणि दुसऱ्याच वर्षी ब्लेकने त्या पोराला कवितेत बोलते केले. त्याची आई मेलेली, बापाने विकलेले; वय इतके कोवळे की धंद्याची आरोळीसुद्धा जिभेवर नीट बसलेली नाही. तो आपल्या सोबत्याचे स्वप्न सांगतो: एक देवदूत येतो आणि काळ्या पेट्यांत कोंडलेल्या हजारो पोरांना मोकळे करतो. सकाळी ती पोरे थंडीत उठून पुन्हा कामाला जातात, समाधानाने. वरवर वाचले तर गोड कविता. पण वाचून झाल्यावर घशात काहीतरी अडकते. मूल समाधानी आहे, म्हणूनच वाचणाऱ्याचे समाधान नाहीसे होते. अनुभवाच्या गाण्यांत तेच पोर पुन्हा भेटते आणि या वेळी ते सरळ सांगते, की माझे आईबाप मला इथे टाकून देवळात प्रार्थनेला गेले आहेत.

ब्लेकच्या या जोडकविता म्हणजे एकाच घराचे पुढचे आणि मागचे दार. लंडनमधल्या धर्मादाय शाळांतली हजारो मुले वर्षातून एकदा सेंट पॉलच्या भव्य मंदिरात रांगेने आणून गायला बसवीत. 1782 पासून तो सोहळा तिथे होऊ लागला. पहिल्या गाण्यात ब्लेक ती धुतलेली तोंडे आणि तो आवाजांचा पूर पाहून भारावतो. दुसऱ्यात तो विचारतो, की एवढ्या सुपीक देशात एवढी मुले दरिद्री का? त्याने एक कविता शाळकरी मुलावरही लिहिली आहे. उन्हाळ्याच्या सकाळी शाळेत कोंडलेले मूल म्हणजे पिंजऱ्यातले पाखरू, असा तिचा आशय. ती वाचताना माझी नजर माझ्या टेबलावरच्या छडीवजा पट्टीकडे गेली, हे वाचकांपासून लपवत नाही.

ब्लेक हयातीत फारसा कुणी वाचला नाही. पण 1824 साली जेम्स माँटगमेरी या कवीने धुराड्यांत चढणाऱ्या मुलांच्या बाजूने लेख आणि कवितांचा एक संग्रह काढला, तेव्हा चार्ल्स लॅम या निबंधकाराने त्यासाठी ब्लेकचीच कविता पाठवली. मग कायदे होत राहिले: 1834, 1840, 1864. धुराडी मात्र पोरे गिळतच राहिली. 1875 साली केंब्रिजजवळ फुलबोर्न येथील एका इस्पितळाच्या धुराड्यातून जॉर्ज ब्रूस्टर नावाच्या मुलाला बाहेर काढले. तो वाचला नाही. त्या वर्षी लॉर्ड शाफ्ट्सबरीने नेटाने कडक कायदा करून घेतला आणि ही प्रथा संपली. ब्लेकच्या कवितेपासून शहाऐंशी वर्षे! कविता कायदा करीत नाही, हे खरे. पण ज्याला कोणी पाहत नव्हते त्याला दिसते करणे, एवढे तिने केले.

आता वर्डस्वर्थकडे येऊ. याचा जन्म 1770 चा, उत्तरेकडच्या डोंगरतळ्यांच्या मुलखातला. आठ वर्षेही पुरी व्हायच्या आत आई गेली, तेरा वर्षांचा असताना वडील गेले. आई गेल्यावर लाडकी बहीण डोरोथी दूर नातलगांकडे धाडली गेली, ती नऊ वर्षांनी भेटली. विल्यम हॉक्सहेडच्या शाळेत शिकला आणि अॅन टायसन या प्रेमळ बाईच्या घरी राहिला. म्हणजे पाहा, ज्याने बालपणाला स्वर्गाचे तेज दिले त्याचे स्वतःचे बालपण पोरकेपणाचे होते. मला आधी हे कोडे वाटले. नंतर वाटले, यात कोडे कसले? ज्याच्या घराचे छप्पर लवकर उडाले त्यालाच आभाळ अधिक दिसते. आपल्या दीर्घ आत्मचरित्रपर काव्यात त्याने रात्री दुसऱ्याची होडी पळवल्याचा आणि मग समोरचा डोंगर आपल्यामागे चालत येतो आहे असे वाटून घाबरल्याचा प्रसंग रंगवला आहे. हे काव्य तो चाळीसएक वर्षे फिरवून फिरवून लिहीत होता. छापले गेले ते 1850 साली, त्याच्या मृत्यूनंतर. त्यातले मूल गोजिरवाणे नाही. ते चोरी करते, भिते, गप्प बसते. ते खरे आहे.

1798 साली त्याने आणि कोलरिजने मिळून ‘लिरिकल बॅलड्स’ हा संग्रह निनावी प्रसिद्ध केला. त्यात ‘वुई आर सेव्हन’ ही कविता आहे. वाय नदीकाठच्या गुडरिच किल्ल्यापाशी 1793 साली कवीला एक लहान मुलगी भेटली होती. कवितेतला गृहस्थ विचारतो, भावंडे किती? मुलगी म्हणते, सात. दोघे एका गावी, दोघे समुद्रावर, दोघे स्मशानात आणि एक ती. गृहस्थ मास्तरी करू लागतो: दोघे मेले, म्हणजे उरले पाच. मुलगी ऐकत नाही. त्यांच्या थडग्यांपाशी बसून ती शिवणटिपण करते, संध्याकाळी वाडगे घेऊन तिथेच जेवते. मग ती दोघे नाहीत कशी? कविता संपते तेव्हा गणित गृहस्थाचे बरोबर असते आणि जिंकलेली असते मुलगी.

ही कविता वाचून मला माझी आई आठवली. खानेसुमारीला आलेल्या कारकुनाने विचारले, “मुले किती, बाई?” आई म्हणाली, “पाच.” आम्ही चौघेच होतो. पाचवी बहीण सव्वा वर्षाची होऊन गेलेली. कारकुनाने चार लिहिले. आईने पाचच मोजले आणि दर भाऊबिजेला एक पणती जास्त लावली. वर्डस्वर्थला त्या मुलीचा पुढे विसर पडला नाही. 1841 साली, सत्तरी ओलांडल्यावर, तो पुन्हा गुडरिचला गेला. तिचा ठावठिकाणा काढावा असे त्याच्या मनात आले, पण काढणार कसा? त्याला तिचे नावच ठाऊक नव्हते. नाव विचारायचे राहून गेले होते. साऱ्या इंग्लंडने पाठ केलेली ती मुलगी निनावीच राहिली. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो.

त्याच संग्रहात आणखी एक कविता आहे, जी प्रत्येक शिक्षकाने वाचावी. एक मोठा माणूस पाच वर्षांच्या मुलाला विचारतो, की तुला हे गाव आवडते की ते? मूल सहज एकाचे नाव घेते. मग सुरू होते, ‘का? का? सांग ना, का?’ मुलाला कारण ठाऊक नसते. पुन्हा पुन्हा टोकल्यावर ते इकडेतिकडे पाहते, समोरच्या छपरावर वारा दाखवणारा कोंबडा दिसतो, आणि ते ठोकून देते, की तिकडे तो कोंबडा नाही म्हणून! खोटे बोलायला मुलाला शिकवले कोणी? विचारणाऱ्याने. कवीने स्वतःचेच कान धरले आहेत. माझ्या एकोणचाळीस वह्यांतली चिंचेची झाडे म्हणजे तसलेच कोंबडे होते, हे मला तेव्हा उमगले. आमच्या शाळेच्या आसपास मैलभर चिंचेचे झाड नाही.

पण हाच वर्डस्वर्थ पुढे आपल्या प्रसिद्ध ‘ओड’मध्ये फार उंच चढला. 1802 साली सुरू करून 1804 साली पुरी केलेली ही कविता 1807 साली छापली गेली. जीव परलोकीचे तेज घेऊन जन्माला येतो, मूल त्या तेजाच्या सर्वांत जवळ असते, आणि वय वाढते तसे ते तेज दिवसाच्या साध्या उजेडात विरून जाते, असा तिचा भाव. तो अनुभव त्याच्यापुरता खोटा नव्हता. शाळेला जाताना सारे जग स्वप्नवत वाटू लागे, मग मी भिंत किंवा झाड घट्ट धरून स्वतःला भानावर आणी, असे त्याने म्हातारपणी सांगितले आहे. पण त्या कवितेत सहा वर्षांच्या मुलाला तो थोर तत्त्वज्ञ आणि द्रष्टा ठरवतो. जिवलग मित्र कोलरिज यालाच ते पटले नाही. 1817 साली आपल्या ग्रंथात त्याने स्वच्छ विचारले, की मूल तत्त्वज्ञ कोणत्या अर्थाने? ज्याची त्या मुलाला स्वतःलाच जाणीव नाही ते ज्ञान त्याचे कसे? माझ्या मते तो घाव वर्मी बसणारा होता. कारण इथे कवी मुलाकडे पाहत नाही. मुलाच्या पलीकडे, स्वतःच्या हरपलेल्या दिवसांकडे पाहतो. आमच्या वह्यांतला सुस्कारा नेमका इथला.

हा प्रश्न कोलरिजने विचारावा यात मात्र एक दुखरी नस आहे. 1798 च्या फेब्रुवारीत, नेदर स्टोई गावच्या आपल्या छोट्या घरात तो रात्री एकटा जागा होता. बाहेर दहिवर गोठत होते, शेजारी पाळण्यात दीड वर्षाचा हार्टले झोपला होता. कोलरिजला आपले लहानपण आठवले. नऊ वर्षेही पुरी व्हायच्या आत वडील वारले आणि पुढच्या वर्षी त्याला लंडनच्या धर्मादाय शाळेत धाडले. तिथे भिंतींखेरीज काही दिसत नसे. त्या रात्री त्याने ‘फ्रॉस्ट अॅट मिडनाइट’ लिहिली आणि पाळण्यातल्या जिवाला वचन दिले, की तू माझ्यासारखा शहरात कोंडला जाणार नाहीस. तू डोंगरांत, तळ्यांकाठी वाऱ्यासारखा वाढशील. बापाने लेकराला दिलेले इतके सुंदर वचन कवितेत दुसरे असेल तर मला ठाऊक नाही.

ते वचन खरे झाले. 1800 साली कुटुंब केझिकला गेले आणि हार्टले डोंगरतळ्यांतच वाढला. डोंगर मिळाले, तळी मिळाली. वडील मात्र मिळाले नाहीत. कोलरिज अफूच्या आहारी गेला, 1804 साली माल्टाला गेला, पुढे पत्नीपासून वेगळाच राहिला. मुले वाढली ती मावशीचे यजमान रॉबर्ट सदे या कवीच्या आधाराने. हार्टले विलक्षण मुलगा होता. त्याने ‘एजक्सरिया’ नावाचा एक आख्खा देश कल्पिला होता आणि तो त्याचा इतिहास वर्षानुवर्षे भावाला सांगत असे. तो सहा वर्षांचा असताना वर्डस्वर्थनेही त्याच्यावर कविता लिहिली; तीत कौतुक आहे आणि पुढच्या आयुष्याची भीतीही आहे. ‘ओड’मधला तो द्रष्टा बालकही हार्टलेच, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. दोन थोर कवींनी ज्याच्या बालपणाला अमर केले असे मूल जगात विरळाच.

आणि ते मूल मोठे झाले. 1819 साली ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात त्याला मानाची फेलोशिप मिळाली. दारूच्या नादामुळे 1820 साली ती गेली. मग तो अँबलसाइडला मास्तर झाला. वर्ग त्याच्या हाताबाहेर जाई. शाळा चालली नाही. उत्तरेकडे परतल्यानंतर बापलेकांची पुन्हा भेट झाली नाही. 1834 साली कोलरिज वारला. हार्टले डोंगरवाटांवर भटकत राहिला. खेडूत त्याच्यावर माया करीत, मुले त्याच्या भोवती जमत, आणि तो रात्री कुठेतरी पडून राही. त्याने उत्तम सुनीते लिहिली. त्यांपैकी एकात तो आपलीच कैफियत मांडतो, की केस पांढरे होऊ लागले तरी मी लहानच राहिलो. मधले तारुण्य आणि प्रौढपण माझ्या वाट्याला आलेच नाही. 1849 च्या जानेवारीत तो गेला. ग्रासमिअरच्या स्मशानात त्याची जागा वृद्ध वर्डस्वर्थने स्वतः दाखवली: आपल्या कुटुंबाशेजारी. दुसऱ्याच वर्षी तोही तिथे विसावला. वर्डस्वर्थची दोन लहान मुले, तीन वर्षांची कॅथरीन आणि सहा वर्षांचा टॉमस, 1812 साली एकाच वर्षात गेली होती. बालपणाला अमरत्वाची खूण मानणाऱ्या कवीने तो वार कसा सोसला असेल, कोण जाणे.

हार्टले कवितेमुळे बिघडला, असे मी म्हणत नाही. कवितेने कुणाचे पोर बिघडत नाही, आणि कवितेने ते सांभाळलेही जात नाही. मात्र ज्या मुलाला आपण बालपणाचे प्रतीक करून ठेवतो त्याला मोठे व्हायला जागा ठेवत नाही, एवढे मला त्याच्या आयुष्यावरून वाटते.

या कवितेने मोकळे केलेले एक दार मात्र सर्वांसाठी उघडले. तोवर मुलांसाठी लिहिलेल्या पद्यांत उपदेशाचा काढा असे. 1806 साली जेन टेलर आणि तिची बहीण अॅन यांनी मुलांसाठी गाण्यांचे पुस्तक काढले. त्यात जेनची ‘द स्टार’ ही कविता होती. आपल्याकडे बालवाडीत जाणारे शेंबडे पोरदेखील चमचमणाऱ्या ताऱ्याचे जे इंग्रजी गाणे हातवारे करून म्हणते, ते हेच. त्यात नुसते आश्चर्य आहे. मुलाला आश्चर्य वाटू द्यावे, त्याला लगेच तात्पर्य चिकटवू नये, ही समज त्या काळाची देणगी.

इंग्रजी शिक्षणाबरोबर ही कविता आपल्याकडेही आली. बाळलीला आपल्याला नवी नव्हती. पण आमचे काव्यातले मूल म्हणजे बाळकृष्ण, अर्थात देव. साध्या घरचे मूल ओव्यांत होते, ग्रंथांत नव्हते. वर्डस्वर्थ वाचून वाढलेल्यांत आमचे केशवसुत होते. कोकणातल्या मालगुंडचे, 1866 साली जन्मलेले, रखडत रखडत तेविसाव्या वर्षी, 1889 साली मॅट्रिक झालेले, आणि जन्मभर मास्तरकी केलेले. (हे दोन धागे मला किती जवळचे वाटतात, सांगायला नको.) त्यांची ‘हरपले श्रेय’ वाचताना वर्डस्वर्थच्या ‘ओड’ची आठवण रसिकांना होतेच. पण मला अधिक मोलाची वाटते ती 1888 सालची ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’. अस्पृश्य म्हणून दूर हो म्हटले गेलेले मूल घरी येऊन आईला कारण विचारते, आणि आईपाशी उत्तर नसते. ब्लेकचे ते काजळीतले पोर आणि हे मूल यांच्यामध्ये शंभर वर्षे आणि सात समुद्र आहेत. तरी दोघे एकाच बाकावर बसलेले मला दिसतात. तिथे मूल सुस्कारा सोडत नाही, प्रश्न विचारते.

एवढ्या प्रवासातून माझ्या पदरी पडले ते एवढेच. या कवींनी मूल दोन तऱ्हांनी पाहिले. एक, स्वतःच्या गेलेल्या दिवसांचा आरसा म्हणून. तिथे कविता कितीही भव्य असो, मूल गप्प असते. दुसरे, समोर उभा असलेला, आपल्याशी वाद घालणारा एक जीव म्हणून. तिथे मूल बोलते आणि मोठा माणूस निरुत्तर होतो. ‘सात’ म्हणणारी मुलगी, कोंबड्याचे कारण देणारा मुलगा, काजळीतले पोर, ही सारी दुसऱ्या जातीची. आणि माझ्या मागच्या बाकावरचा तोही. मी त्याला भिंतीशी उभे केले होते.

सुट्टी संपल्यावर मी त्याला जवळ बोलावले. “बालपण राहू दे,” म्हटले, “कालचा दिवस लिही.” त्याने दीड पान लिहून आणले. मनातून मी दुःखाच्या कहाणीची वाट पाहत होतो, हे कबूल करतो. म्हणजे पुन्हा माझाच आरसा. पण त्यात रडगाणे नव्हते. थंडीत कपबशा विसळायला बरे वाटते, कारण पाणी ऊन असते, असे होते. फुटलेल्या कपाचे पैसे मामा कापत नाही, पण मामी कापते, असे होते. आणि शेवटी एक वाक्य होते: ‘मी एका हातात आठ ग्लास धरतो, मामाला सहाच जमतात.’ त्या वाक्याखाली त्याने पट्टीने दोन रेघा मारल्या होत्या. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या. त्या दिवशी मी लाल शाईचे टोपण उघडले नाही. मागच्या पानावरचे शून्य खोडून खाली सही तेवढी केली.

मामांशी बोलणे झाले. सकाळचे काम सुटले. संध्याकाळचे अजून सुटलेले नाही. शहाऐंशी वर्षे लागू नयेत, एवढी खटपट चालू आहे.

यंदा दिवाळीआधी फळ्यावर विषय बदलला आहे. ‘रम्य बालपण’ हा निबंध या वर्षी मी मुलांना घातला नाही. ज्यांचे संपले आहे त्यांनी तो लिहावा, आणि लिहिण्यापूर्वी घरात, अंगणात, किल्ल्यापाशी माती कालवत बसलेल्या एखाद्या पोराला आधी त्याचे नाव विचारावे.